लेखणी पुन्हा हाती धरताना

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास आपल्यापैकी पुष्कळांनी देवळातील पारायणात ऐकला असेल. तो ‘लेखनक्रिया’ या विषयाला वाहिलेला आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. अध्यात्मग्रंथात शाई, कागद आणि लेखणी यांची चौकशी कशाला, असे वाटून वाचक पुढे सरकतो. मीही तसाच सरकत असे.

लालबर्रा येथे राहून मी काही वर्षे कामाची टिपणे मोबाइलमध्ये ठेवीत होतो. ती सोय सोडून पुन्हा वहीकडे वळलो, तेव्हा हा समास नव्याने वाचला. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथील मराठी माणसाचे घर मराठीत व कचेरी हिंदीत. माझे यंत्रही हिंदीसाठीच लावलेले; घाईत ‘तळे’ लिहावे तर ‘तले’ होऊन बसे. मराठी व कोंकणी या दोन्ही भगिनींचा ‘ळ’ असा नकळत गळत होता. वहीत तो परत आला, हा पहिला लाभ.

परंतु वहीच्या बाजूने सामान्यतः जो युक्तिवाद होतो, तो निराळा आहे. हाताने लिहिलेले अधिक स्मरणात राहते, असे सांगतात. म्यूलर व ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांनी 2014 साली तसा निष्कर्ष काढला होता: यंत्रावर टिपणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात, म्हणून अर्थाचे आकलन उणे पडते. पुढे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत शब्दशः उतरवण्याची खोड पुन्हा दिसली. आकलनातील लाभ मात्र दिसला नाही. तेव्हा या आधारावर फार मोठी इमारत उभारणे धाडसाचे होय.

समर्थांचा समास येथेच वेगळा ठरतो. लिहिणाराच्या स्मरणशक्तीची चिंता त्यात नाही. चिंता आहे ती वाचणाराची. अक्षर वाटोळे, सुटे व आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे. ऐन तारुण्यात फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहते. समासाचे सौंदर्य या व्यवहारी करुणेत आहे.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो ग्रंथ उतरवून घेणाऱ्या लेखकासाठी आहे. चालू बैठकीत घाईने टिपणाऱ्या कारकुनासाठी नाही. शोधण्याची आणि प्रती काढण्याची यंत्राची सोय वहीला नाही, हेही खरे. परंतु कसोटी म्हणून तो आजही पुरेसा आहे. माझी पहिली वही मी त्या कसोटीला लावली आणि लाजलो. तारखा नाहीत, अर्धे शब्द, समास कोठेच नाही! ती वही माझ्यापश्चात कोणालाही वाचता आली नसती. अशी वही आणि कुलूपबंद मोबाइल यांत अंतर ते काय?

दिवाळीत आपण वहीपूजन करतो, ते कोऱ्या कागदाचे नव्हे. पुढच्याला हिशेब कळावा या वचनाचे. लेखणी परत हाती धरणे सोपे आहे. ते वचन परत हाती धरणे, हे खरे काम.