नळी ‘टाकणे’ आणि नळी ‘पोहोचणे’ : व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या मूल्यमापनाची चिकित्सा

स्वतःचे स्वरयंत्र आरशात न्याहाळण्याची रीत मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये साधली. ध्वनीच्या जिज्ञासेतून निघालेले हे दर्शन पुढे भूलशास्त्राने आपलेसे केले. १९४३ मध्ये मॅकिंटॉश यांचे वक्र पाते प्रचारात आले आणि चालू शतकाच्या आरंभापासून पात्याच्या टोकाशी कॅमेरा बसविलेली उपकरणे रूढ झाली. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना ही उपकरणे अधिक सुरक्षित ठरतात, असे आता सर्रास म्हटले जाते. या विधानातील ‘सुरक्षित’ हा शब्द तपासून घेणे अगत्याचे आहे.

आधार दुर्बल नाही. प्रौढ रुग्णांविषयीच्या २२२ अभ्यासांचा परामर्श घेणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन पुनर्विलोकनात नळी घालण्यातील अपयश घटल्याचे दिसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘डिव्हाइस’ चाचणीत १४१७ अत्यवस्थ रुग्ण होते. तीत पहिल्या प्रयत्नातील यश कॅमेऱ्याने ८५.१ टक्के, तर साध्या पात्याने ७०.८ टक्के आले. परंतु त्याच चाचणीत गंभीर उपद्रवांचे प्रमाण अनुक्रमे २१.४ व २०.९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. रक्तदाब कोसळणे किंवा प्राणवायू घटणे यांचे मूळ केवळ दृष्टीच्या अडचणीत नसून औषधे आणि मूळ व्याधी यांतही असते. तेव्हा ‘यशस्वी’ आणि ‘सुरक्षित’ ही विशेषणे समानार्थी मानता येत नाहीत.

हाच संभ्रम व्यवहारातील मराठीतही आढळतो. ‘नळी टाकली’ या वाक्यात क्रिया आहे, कर्म आहे; मात्र अधिकरण गळालेले आहे. नळी श्वासनलिकेत गेली की अन्ननलिकेत, हा जीवनमरणाचा प्रश्न त्यात अनुच्चारित राहतो. पडद्यावरील चित्र त्याचे उत्तर सुचविते. खात्री मात्र उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या सलग मापनानेच होते. शिवाय अधिक वाकड्या पात्याने स्वरयंत्र उत्तम दिसूनही नळी त्या वळणातून पुढे सरकत नाही, आणि रक्ताने किंवा वांतीने कॅमेरा झाकला की चित्रही उरत नाही.

पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांच्या दृष्टीने हा विवेक महत्त्वाचा आहे. पेण मुंबई–गोवा महामार्गावर, तर रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत. अपघातात मान न हलविता नळी घालावी लागते. विषारी वायूने घसा सुजलेला असू शकतो. अशा प्रसंगी कॅमेऱ्याचा लाभ उघड आहे, आणि ज्यांना हे काम क्वचित करावे लागते त्यांना तो अधिक होतो. तथापि उक्त चाचणीतील उपद्रवांची गणना नळी घातल्यानंतर दोन मिनिटांत संपते. अलिबागला किंवा मुंबईला धाडावयाच्या रुग्णाचा प्रवास तेथून सुरू होतो. रुग्णवाहिकेच्या हिसक्यांत सरकलेली नळी कोणत्याही कोष्टकात नोंदली जात नाही.

म्हणून अशा रुग्णालयांसाठी मूल्यमापनाची कसोटी निराळी हवी. उपकरणासोबत कार्बन डायऑक्साइड मापक, नळीला आकार देणारी तार, नियमित सराव आणि प्रवासभर देखरेख यांची तरतूद आहे काय, हे पाहिले पाहिजे. कॅमेरा घ्यावाच, पण नळी योग्य स्थानी पोहोचली आणि तेथेच राहिली, एवढे सिद्ध झाल्यावाचून ‘सुरक्षित’ हा शब्द वापरू नये.