वीतभर उजेड

आपण मराठी माणसं टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतो, बॅटरीला ‘सेल’ म्हणतो आणि ‘विजेरी’ हा सोज्वळ शब्द शाळेच्या पुस्तकात ठेवून देतो. अमेरिकन माणूस याच वस्तूला ‘फ्लॅशलाइट’ म्हणतो, त्याची हकिकत आणखी मजेची. 1899 साली तिकडे डेव्हिड मिसेल नावाच्या गृहस्थांना नळीत सेल भरलेल्या हातदिव्याचं पेटंट मिळालं. त्या काळचे सेल इतके अशक्त, की दिवा सलग चालू ठेवला तर बिचारे धापा टाकायला लागत. म्हणून बटण दाबायचं, क्षणभर उजेड पाडायचा, दिसलं तेवढं बघून घ्यायचं आणि सोडायचं. पुढे सेल धष्टपुष्ट झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सहा फूट वाढलेल्या माणसाला घरात जन्मभर ‘बाळ्या’ म्हणतात ना, तसं.

मी मात्र विजेरीच म्हणणार आहे. परीक्षण लिहायचं म्हटल्यावर भाषेला थोडी इस्त्री हवी.

परीक्षणाला निमित्त माझा भाचा. तो डॉक्टर आहे आणि सध्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतो आहे. म्हणजे मुख्यतः रात्री जागतो. त्याने सारख्या दोन खिसा-विजेऱ्या घेतल्या. एक स्वतःच्या कोटाला अडकवली, दुसरी माझ्या सदऱ्याला. म्हणाला, “मामा, मी वॉर्डात वापरतो, तुम्ही घरात वापरा. नाहीतरी तुम्हांला रिटायर झाल्यापासून सगळ्यावर मत द्यायचं असतंच.” हा आहेर समजून मी कामाला लागलो.

वस्तू दिसायला जाड्या फाउंटन पेनासारखी. रिमोटमध्ये जातात ते बारीक सेल एकामागे एक दोन बसतात, शेपटाला बटण, अंगाला खिशाची पकड. डब्यावर मात्र पेनाचा नम्रपणा नाही. ‘120 लुमेन! 60 मीटर पल्ला! पाण्यात बुडाली तरी चालू!’ लग्नाच्या स्थळाच्या माहितीपत्रकात मुलाचा पगार असतो तशी ही भाषा. तिचा अर्थ लावायचा तर 2009 साली अमेरिकेत विजेरीवाल्यांसाठी जे मानक ठरलं ते पाहावं लागतं. त्यातला ‘पल्ला’ म्हणजे, जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेव्हा साठ मीटरवर तुम्हांला शेजाऱ्याची म्हैस दिसेल असं डब्याचं म्हणणं नाही. साठ मीटरवर पौर्णिमा असेल, एवढंच. म्हैस ओळखायची जबाबदारी तुमची. आणि ‘इतके तास चालते’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या एक-दशांशावर येईपर्यंतचे तास. उरलेल्या एक-दशांशाला ‘चालणे’ म्हणायचं असेल तर माझ्या ओळखीचे कित्येकजण अजून नोकरीत आहेत.

पण खरी हरकत वेगळीच. साठ मीटरवरून घसा तपासणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही. एवढ्या अंतरावर, फार तर, बिल भरायची वेळ आलेला नातेवाईक असतो. डॉक्टरच्या विजेरीचं सगळं आयुष्य वीतभर अंतरात जातं. साठ मीटरवर पौर्णिमा पाडणारा झोत वीस सेंटिमीटरवर आणला तर अंतर तीनशे पट कमी होतं आणि उजेड तीनशे गुणिले तीनशे, म्हणजे नव्वद हजार पट वाढतो. ढगाळ दिवशी अंगणात असतो तेवढा. हा उजेड एकदम कुणाच्या डोळ्यात सोडायचा म्हणजे वैद्यकी नव्हे, पोलिसी झाली. दुकानात शंभर लुमेनपेक्षा दोनशे चांगले आणि दोनशेपेक्षा पाचशे, असा जो हिशेब चालतो तो चौकीदाराच्या विजेरीला लावावा, डॉक्टरच्या नाही.

भाच्याच्या वॉर्डात डोक्याला मार लागलेली माणसं असतात. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या रात्रभर, पुष्कळदा तासातासाला, पाहाव्या लागतात. एका डोळ्यात उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आकसायला हव्यात. एका भावाला चिमटा काढला की दुसऱ्यानेही ‘आई गं’ म्हणावं, तसं. एक बाहुली मोठी होऊ लागली, उजेडाला जुमानेनाशी झाली, तर कवटीच्या आत दाब वाढत असल्याची ती खूण असू शकते, आणि मग झोपलेल्या सर्जनांना उठवावंच लागतं. 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी माणसाची शुद्ध मोजायची पद्धत घालून दिली. डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का. 2018 साली त्याला बाहुल्यांची पुरवणी जोडण्यात आली. एक बाहुली गप्प राहिली तर एकूण गुणांतून एक वजा, दोन्ही राहिल्या तर दोन. गुण कापायची वेळ आली की विजेरी ही पेपर तपासनीस होते. तिची नजर साफ हवी.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. कवींनी ‘काळेभोर डोळे’ एवढे वाखाणले आहेत, पण त्यांतल्या एकालाही रात्री तीन वाजता त्या काळ्याभोर डोळ्यांतली काळी बाहुली कुठे संपते आणि काळपट बुबुळ कुठे सुरू होतं हे मिलिमीटरमध्ये सांगावं लागलं नव्हतं. निळ्या-घाऱ्या डोळ्यांत बाहुलीची कड लांबून दिसते. आपल्याकडे ती शोधावी लागते. म्हणून सेल मरायला टेकलेली पिवळट विजेरी इथे कामाची नाही, आणि एकदम डोळे दिपवणारीही नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर तो डोळे गच्च मिटून घेतो. त्याच्या पापण्या उघडायला मग दुसरा डॉक्टर. आणि शुद्धीवर नसेल तर त्याला तक्रारही करता येत नाही. भाचा म्हणतो, या दुसऱ्या माणसासाठी विजेरी निवडायची असते. सहसा तो असं काही बोलत नाही. जेवताना तर फक्त ‘कोशिंबीर’ म्हणतो.

या परीक्षेत आमची विजेरी चांगल्या गुणांनी पास झाली. पहिल्या दाबाला ती पाच लुमेन देते, दुसऱ्याला बाकीचे. पहिला दाब मंद, हीच तिची खानदानी. झोताला मध्ये टोचणारा ठिपका नाही, कडा मऊ आहेत. अंगावर दोन ते नऊ मिलिमीटरचे काळे गोळे छापलेले आहेत. डोळ्याशेजारी धरून बाहुली मापायची. गोळे कोरलेले असते तर बरं झालं असतं. वॉर्डात प्रत्येक वस्तू दिवसातून दहा वेळा स्पिरिटने पुसतात, आणि तिसऱ्या महिन्यात चार मिलिमीटरचा गोळा पुसून गेला आहे. तीननंतर एकदम पाच! शाळेत काही मुलं इयत्ता ओलांडून पुढे जात, पण बाहुल्यांच्या बाबतीत ही सवलत देता येत नाही.

रंगाबद्दल बोललं पाहिजे, कारण दुकानात त्याबद्दल कुणीच बोलत नाही. हल्लीच्या पांढऱ्या दिव्यात मुळात पांढरं काही नसतं. आत असतो निळा एलईडी (तो घडवणाऱ्या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं), आणि त्याच्यावर पिवळा लेप. निळा नि पिवळा मिळून आपल्या डोळ्याला ‘पांढरा’ असा चकवा देतात. या व्यवहारात गळतो तो लाल रंग. स्वस्तातल्या निळसर विजेरीत टोमॅटो शिळा दिसतो आणि माणूस टोमॅटोपेक्षा शिळा. आता घसा पाहताना डॉक्टरला पाहायचं काय असतं? लाली! टॉन्सिल लाल आहे की नुसतीच गुलाबी, यावर औषध ठरायचं, आणि उजेडात लालच नाही. म्हणजे पंगतीला बसवून पानात मीठच वाढायचं नाही. आमच्या विजेरीचा उजेड किंचित तांबूस, जुन्या तारेच्या बल्बसारखा आहे आणि रंग इमानाने दाखवतो. डब्यावर ‘सीआरआय 90’ असं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, लुमेनच्या पायाशी. खरं तर तेच मोठ्या अक्षरांत हवं होतं.

अर्थात तांबूस उजेडाची एक खोड आहे. कावीळ त्यात लपते. डोळ्यांचा पिवळेपणा पाहायचा तर माणसाला खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावं. त्या कामात सूर्याशी स्पर्धा करणारी विजेरी निघायची आहे.

काही विजेऱ्यांत एकाच बटणावर पाच-सहा चाळे असतात. मोठा, मधला, बारीक, मग लुकलुक आणि शेवटी एसओएस. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. बुडत्या जहाजावर त्याचा उपयोग होत असेल. पण चार वर्षांच्या मुलाने महत्प्रयासाने ‘आ’ केला आहे, जिभेवर चमचा आहे, आणि डॉक्टरांच्या हातून विजेरी जगाला मदतीची हाक मारते आहे, हे दृश्य आईच्या मनाला धीर देणारं नाही. आमच्यात हे चाळे नाहीत. लहान मुलांसाठी भाच्याची युक्ती निराळीच आहे: विजेरी मुठीत धरून पेटवायची. बोटांतून तांबडालाल उजेड झिरपतो. पोर तोंड वासतं, आणि तेवढ्यात घसा पाहून होतो.

‘मोबाइलमध्ये टॉर्च असताना हे वेगळं लोढणं कशाला?’ असं विचारणारे भेटतात. मोबाइलचा उजेड खोलीभर पसरतो. ओट्याखाली पळालेली वाटी शोधायला उत्तम. पण त्याला टोक नाही. शिवाय तो चपटा दगड एका हाताने रुग्णाच्या तोंडाशी धरायचा, दुसऱ्या हाताने जीभ दाबायची आणि त्याच क्षणी फोन वाजायचा. रुग्णाच्या तोंडाशी गेलेली वस्तू मग आपण आपल्या कानाशी नेतो, हेही एकदा सावकाश मनात आणून पाहावं.

घरगुती वापराची परीक्षा मी आत्याकडे घेतली. आत्या चौऱ्याऐंशीची, राहते चिपळूणजवळच्या गावी. पावसाळ्यात तिथे वीज ही पाहुण्यासारखी. येते, चहा घेते, जाते. घरात तीन सेलांची पत्र्याची बॅटरी होती, तिचा अर्धा उपयोग उजेडाला आणि अर्धा मांजर हाकलायला. सेल थकले की ते भिंतीवर उन्हात वाळत घालायचे. उन्हं खाऊन आणखी चार दिवस जीव धरायचे. तिकडे विजेरीचं काम एकच: पावलापुढचं पाहणं. मण्यार रात्रीची हिंडते आणि अंधारात ओसरीवरची दोरी नि ती यांत फरक करणं वेदान्त्यांनाही जमलेलं नाही. मऊ कडांचा, रुंद झोत इथेही अगदी बरोबर पडतो. पाच लुमेनमध्ये मागीलदारची पायरी दिसते आणि शेजारी झोपलेलं माणूस उठत नाही. या वयात रात्री मोरीकडे जाताना पाय घसरला तर खुब्याचं हाड जातं, आणि हाडाबरोबर हिंडणं-फिरणंही. त्या मानाने दुसऱ्या दाबाचे 120 लुमेन अगदीच दिवाळीचे.

पण आत्याने विजेरी नापास केली. बटण शेपटाला. डॉक्टर ती पेनासारखी धरून अंगठ्याने दाबतो, त्याला ते सोयीचं. आत्याच्या संधिवाताच्या अंगठ्याला ते दबेना. दोन्ही हातांनी दाबून लावली तर काठी कुठे धरायची? “उजेड देवासारखा आहे रे,” ती म्हणाली, “पण देवळाचं दार उघडत नाही.” डोकं पिळून लावायच्या विजेऱ्या तर तिच्या दृष्टीने लोणच्याच्या घट्ट बसलेल्या झाकणाच्या जातीच्या. तिला हवं बाजूला, मोठं, सहज सरकणारं बटण. तेव्हा माझा निकाल असा: डॉक्टरच्या खिशाला पहिल्या वर्गाची, आत्याच्या उशाला तिसऱ्या. एकच विजेरी दोन्हीकडे चालेल, असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी.

बाकीचं थोडक्यात. सेल आत ठेवून विजेरी कपाटात विसरू नये; अल्कलाइन सेल पाझरतो आणि तो क्षार स्प्रिंग खातो. पाण्याचा दावा खरा आहे, बादलीत पडूनही ती चालू राहिली. पकड घट्ट आहे, वाकलं तरी खिशातून निसटत नाही; ज्यांचा चष्मा एकदा विहिरीत गेला आहे त्यांना याचं मोल कळेल.

आत्यासाठी बाजूच्या बटणाची विजेरी घ्यायला मी परवा दुकानात गेलो. दुकानात ट्यूबलाइट लखलखत असतात, तिथे सगळ्याच विजेऱ्या हुशार वाटतात. म्हणून मी काउंटरखाली सावलीत हात धरतो आणि तळव्यावर उजेड टाकतो. तळवा गुलाबी, शिरा निळसर, नखं जिवंत दिसली तर ठीक. तळवा राखेसारखा दिसला की पुढची विजेरी. दुकानदार हे बराच वेळ बघत होता. तिसऱ्या विजेरीला त्याने आपलाच हात काउंटरखाली माझ्या हाताशेजारी सरकवला आणि हळूच म्हणाला, “काका, तुमचं झालं की जरा आमच्या धंद्याचं काही दिसतंय का बघा.”