कीर्तीचे मोल : वीरकाव्यातील एका मूल्याचा विचार

वीरकाव्य म्हणजे वीराची स्तुती, आणि वीर ज्या मूल्यांसाठी मरतो ती कवीला निःशंकपणे मान्य असतात, अशी समजूत अभ्यासकांतही आढळते. कीर्ती ह्या एका मूल्यापुरती ती तपासून पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे होईल. ग्रीक 'क्लेओस' आणि वैदिक 'श्रवस्' हे कीर्तिवाचक शब्द एकाच धातूपासून निघाले असून त्या धातूचा अर्थ 'ऐकणे' असा आहे. ह्या शब्दांना 'अक्षय' ह्या अर्थाचे विशेषण जोडलेले होमर व ऋग्वेद ह्या दोहोंत आढळते, हे आडालबेर्ट कून ह्यांनी १८५३ मध्ये दाखवून दिले. म्हणजे कीर्ती ही मुळात ऐकण्याची वस्तू. ती मिळवणारा मरतो आणि ऐकणारे मागे उरतात. ही विसंगती थोर कवींच्या नजरेतून सुटलेली नाही.

'इलियड'मधील अकिलीझपुढे दीर्घ पण अप्रसिद्ध आयुष्य आणि अल्पायुष्यासह अक्षय कीर्ती असे दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय त्याच्या वाट्यास येतो. परंतु 'ओडिसी'त मृतलोकी भेटणारा अकिलीझ म्हणतो की, मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाघरी मोलमजुरी करणे बरे. तरीही आपल्या मुलाचा पराक्रम ऐकून तो तेथेच हर्षित होतो.

महाभारताच्या वनपर्वात सूर्य कर्णाला इंद्राच्या कपटाची आगाऊ सूचना देतो. प्राण गेले तरी कीर्ती राखीन, असे कर्ण म्हणतो. त्यावर, कीर्तीचा उपभोग जिवंतालाच घेता येतो, मृताला तिचा काय उपयोग, असे सूर्य विचारतो. कर्ण कवचकुंडले देतोच. मात्र सूर्याच्या सल्ल्यानुसार मोबदल्यात शक्ती मागून घेतो.

वरील दोन्ही प्रसंगी कीर्तीचे मोल वीर स्वतःच्या प्राणांनी देतो. सुमारे ११०० मधील फ्रेंच 'शांसाँ द रोलाँ'मध्ये ते इतरांनाही द्यावे लागते. कुळाला व फ्रान्सला कमीपणा येईल म्हणून रोलाँ मदतीसाठी शिंग फुंकण्याचे नाकारतो आणि पिछाडीचे वीस हजारांचे सैन्य कामी येते. ह्या मृत्यूंचा दोष ऑलिव्हिए त्याच्या मुखावर त्याच्या अविवेकाला देतो.

तिन्ही ठिकाणी आक्षेप कोण घेतो, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. एकदा स्वतः वीर, एकदा वीराचा पिता असलेला देव, एकदा तितकाच शूर सहकारी. ह्यांपैकी कोणावरही भ्याडपणाचा आरोप करता येत नाही, म्हणूनच आक्षेपाला वजन येते. ह्यावरून हे कवी वीरत्वाचे विरोधक ठरत नाहीत. अकिलीझचा हर्ष आणि कर्णाचे दान ही काव्यात तितक्याच आदराने येतात. मात्र मूल्य गौरवताना त्याचा हिशेबही त्यांनी श्रोत्यांपुढे मांडला आहे. वीरकाव्याला केवळ प्रशस्ती मानणारा वाचक ह्यातील अर्धेच काव्य वाचतो.