शब्दांची खरखर

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचे रेडिओ संदेशवहन. त्यात आता संगणकाने मोठी जागा मिळवली आहे. १९९८ च्या सुमारास पीटर मार्टिनेझ यांची पीएसके-३१ ही पद्धत पसरली. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी जो टेलर यांनी एफटी-८ आणली. कानाला ऐकूही न येणारा संदेश तिच्यामुळे वाचता येतो. या पद्धतींचे कौतुक आहेच. आमची तक्रार आहे ती त्यांच्याभोवती माजलेल्या भाषेविषयी.

'डिजिटल' हाच शब्द घ्या. एक जण तो एफटी-८ च्या लिखित संदेशासाठी वापरतो, दुसरा डीएमआरवरील बोलण्यासाठी. मोर्स चालू-बंद या दोनच अवस्थांवर उभी, पण तिला सहसा या यादीत घेत नाहीत. तिला म्हणायचे सीडब्ल्यू, म्हणजे 'अखंड लहर'. आणि लहर तर क्षणोक्षणी तुटते! ठिणगीच्या जुन्या प्रेषकांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी हे नाव पडले. ठिणगी गेली, नाव राहिले.

'यूएसबीवर ठेव' असे सांगितले की नवखा विद्यार्थी केबल शोधू लागतो. सांगणाऱ्याच्या मनात असतो अप्पर साइडबँड. त्याच संचाला मागे यूएसबीचे छिद्रही असते, म्हणजे चूक विद्यार्थ्याची म्हणावी तरी कशी?

'बॉड'चा घोटाळा अधिक खोल आहे. बॉड म्हणजे सेकंदाला पाठवलेल्या चिन्हांची संख्या, बिटची नव्हे. एफटी-८ मध्ये आठ स्वर असतात, म्हणून एक चिन्ह तीन बिट वाहते. वेग ६.२५ बॉड, म्हणजे सेकंदाला १८.७५ बिट. पण यातले बरेचसे बिट जुळणी आणि चूक-दुरुस्तीसाठी खर्च होतात. १५ सेकंदांच्या एका फेरीत मूळ संदेश जातो फक्त ७७ बिटांचा. यातला 'वेग' कोणता? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न मात्र अपुरा आहे. अमेरिकेत लघुलहरींवर अनेक दशके ३०० बॉडची मर्यादा होती. अनेक स्वर शेजारी-शेजारी ठेवून ती पाळता येई आणि तरीही मोठा पट्टा व्यापता येई. जे मोजायला हवे होते ते नियम मोजतच नव्हता. अखेर २०२३ मध्ये ती मर्यादा काढून २.८ किलोहर्ट्झ पट्टारुंदीची अट घालण्याचा निर्णय झाला.

'माझा संदेश उणे २० डेसिबलला वाचला गेला' असे अभिमानाने सांगतात. ऐकणाऱ्याला वाटते, संदेश गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतका होता. पण हा गोंगाट २५०० हर्ट्झ रुंदीतला धरलेला असतो. एफटी-८ चा संदेश जेमतेम ५० हर्ट्झ व्यापतो. तेवढ्याच पट्ट्यातला गोंगाट धरला तर आकडा होतो सुमारे उणे ३, म्हणजे संदेश गोंगाटाच्या निम्मा. कामगिरी मोठीच, पण जादू नव्हे.

याचे मूळ जाणकारीच्या तऱ्हांत आहे. कोणी संगणकाकडून या छंदात येतो. त्याला कोडिंग कळते, पण अँटेना हे कोडे असते. कोणी चाळीस वर्षे तारा ताणलेल्या असतात. त्याला साउंडकार्डची भीती वाटते. दोघेही आपापले शब्द सर्वांना ठाऊक आहेत असे धरून चालतात. अडतो तो विद्यार्थी. 'एवढेही माहीत नाही?' हे एकदा ऐकले की तो पुन्हा विचारत नाही, आणि एक जिज्ञासू मुलगा किंवा मुलगी आपण गमावतो.

उपाय महागडा नाही. संक्षेप पहिल्यांदा आला की पूर्ण नाव सांगावे. आकडा आला की त्याचे एकक आणि तो कशाच्या तुलनेत आहे, हे सांगावे. शिक्षकांनी तर हे चार शब्द फळ्यावर लिहून मुलांनाच त्यांचे अर्थ शोधायला लावावेत. लॉगरिथमचा एक तास त्यातून सहज उभा राहील. क्षीण संदेश ओळखणारी यंत्रे आपण बनवली. समोरच्याचा क्षीण आवाजातला प्रश्नही आपल्याला ऐकू यायला हवा.