एकट्याचा प्रवास आणि गाळलेली सोबत

प्रवासवर्णन वाचताना वाचक एका बाबतीत लेखकावर डोळे मिटून विश्वास ठेवतो: तो तेथे गेला होता आणि सांगतो तसाच गेला होता. जॉन स्टाइनबेक यांचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) हे पुस्तक या विश्वासाची कसोटी पाहते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

सप्टेंबर १९६० मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्टाइनबेक न्यूयॉर्क राज्यातील सॅग हार्बर या बंदरगावाहून निघाले. राहण्याची सोय केलेली मालमोटार आणि चार्ली नावाचा कुत्रा, एवढाच लवाजमा. मोटारीला त्यांनी डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनांतेचे, नाव दिले होते. मेनचा किनारा, मोंटानाचे डोंगर, पॅसिफिककाठचे उत्तुंग रेडवूड वृक्ष, पुढे टेक्सास आणि दक्षिणेकडील राज्ये असा सुमारे दहा हजार मैलांचा हा फेरा.

यातील सर्वांत उत्कट प्रकरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शिखराचे. एका अंगास जन्मभूमी सॅलिनसचे खोरे, दुसऱ्या अंगास माँटेरेचा उपसागर. लेखक देखावा रंगवीत बसत नाही. कोठे काय घडले ते कुत्र्याला दाखवीत जातो आणि गावाचा निरोप घेतो. निसर्गवर्णन म्हणजे विशेषणांची आरास नव्हे, हे या पानांवरून शिकावे.

२०१० मध्ये बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग धरला आणि पत्रे, हस्तलिखित व पुस्तक ताडून पाहिले. निष्कर्ष अडचणीचे निघाले. अनेक मुक्काम उघड्यावर नसून हॉटेलांत झाले होते. काही भेटी घडल्या असणे कठीण होते. सिॲटलपासून माँटेरेपर्यंतच्या किनारी टप्प्यात पत्नी एलेन बरोबर होत्या. हस्तलिखितात तेथे त्यांचा उल्लेख आहे, छापील पुस्तकात नाही. पुढे २०१२ च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत जे परीनी यांनी, हे पुस्तक अक्षरशः खरे मानू नये, अशी सूचना प्रस्तावनेतच दिली.

शासकीय सेवेत दौऱ्याच्या दैनंदिन्या तपासण्यात आमची बरीच वर्षे गेली. तेथे मुक्कामाची एक तारीख चुकली तरी खुलासा मागवावा लागे. तो नियम साहित्यास लावू नये. संवाद जुळवणे, दोन दिवसांचा एक दिवस करणे, हा कथाकाराचा हक्क आम्ही मान्य करतो. सोबत गाळणे मात्र त्याहून वेगळे आहे. एकटा माणूस देश ऐकत फिरला, या भूमिकेवरच पुस्तकाचा अधिकार उभा आहे. तीच सैल झाली तर देशाविषयीची त्याची विधानेही सैल होतात.

आपल्याकडे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत वरसईहून ग्वाल्हेर-झाशीकडे गेले. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांचे काका पदोपदी भेटतात, आणि त्या सोबतीने प्रवासाचे धाडस तिळभरही उणे होत नाही. उलट दोघांची भीती, भूक आणि पैशाची विवंचना एकत्र दिसल्याने निवेदन अधिक विश्वासार्ह होते. स्टाइनबेक यांनी एलेन यांना पानांवर राहू दिले असते, तर पॅसिफिकचा किनारा काही कमी भव्य झाला नसता.

तरीही पुस्तक टाकाऊ ठरत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या चिमुकल्या कृष्णवर्णीय मुलीवर ओरडणाऱ्या स्त्रियांचे चित्र त्यात आहे. १९६० च्या त्या निदर्शनांना वृत्तपत्रे व छायाचित्रे साक्षी आहेत. जेथे लेखकाने स्वतःचे एकटेपण विसरून समोरचे पाहिले, तेथे तो आजही खरा उतरतो. वाचकांनी हे पुस्तक अवश्य वाचावे, परंतु प्रवासाचा पुरावा म्हणून नव्हे. उतारवयातील एका थोर कादंबरीकाराला आपला प्रवास कसा झालेला हवा होता, याची नोंद म्हणून वाचावे.