पिशवीतला ळ

आपल्या मंडळाचा शब्दपट कसा सुरू झाला हे सभासदांना नव्यानं सांगायला नको. दर गणपतीत ती गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच आणि दर वर्षी तिच्यात एखाद्या माणसाची भर पडते. गेल्या वर्षी ऐकलं की १९९९ साली मेलबर्नला स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा झाली, ती पाहायला म्हणे आपले सातजण गेले होते. गेलो होतो दोघंच. त्यातला एक मी, आणि तोही गाडी चालवायला. कॅनडाचे जोएल वॉपनिक जिंकले, एवढं नंतर पेपरात वाचलं. माझ्या लक्षात राहिली ती तिथली शांतता, आणि पिशवीत हात घातला की होणारा सोंगट्यांचा खुळखुळाट. परतताना काका (छापील नाव त्यांना खपत नाही, ओळखणारे ओळखतील) इतकंच म्हणाले, "हे मराठीत का नाही?"

पुढचे आठ महिने काकांच्या गॅरेजात गाडी गेली नाही. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स अमेरिकेतला वास्तुकार. मंदीच्या काळात काम गेल्यावर त्यानं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली, आणि कुठल्या अक्षराच्या किती सोंगट्या नि किती गुण ते ठरवलं. काकांनीही तेच केलं. फक्त त्यांचं वर्तमानपत्र दादरहून आलेल्या चकल्यांच्या डब्याभोवती गुंडाळून आलेलं होतं. तेलाच्या डागाखालची अक्षरं त्यांनी अंदाजानं धरली. आपल्या पटात 'थ'ला इतके गुण का, याचं उत्तर त्या डागात आहे असा माझा जुना संशय आहे.

खरी अडचण पुढेच होती. इंग्रजीचं काम सव्वीस अक्षरांत आणि शंभर सोंगट्यांत भागतं. आपली बाराखडी मांडायची कशी? काना, वेलांटी, उकार कुठे ठेवायचे? जोडाक्षराचं काय? काकांनी प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शक कागदाचे चौकोन कापले, त्यांवर मात्रा काढल्या आणि ते सोंगटीवर टोपीसारखे बसवायचे असं ठरलं. शेकडो टोप्या! वहिनींनी खणाची पिशवी शिवली, ती आजही तीच आहे. या दोघांनी जे केलं ते एखाद्या विद्यापीठाला जमलं नसतं, असं मी बिनदिक्कत लिहितो. वहिनींनी गेली पंचवीस वर्षं स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांना चहा दिला, आणि स्वतः एकदाही बसून खेळल्या नाहीत. कुणी आग्रहही केला नाही, हे आपल्याला शोभलं नाही.

आता तडजोडींबद्दल. टोप्या हरवत गेल्या, वाऱ्यानं उडाल्या, एक बाळानं गिळली (सुखरूप बाहेर आली). शेवटी कार्यकारिणीनं मात्रा मोकळ्या केल्या. सोंगटी 'क'ची असली तर तिला का म्हणा, कौ म्हणा. त्यामुळे 'क' आणि 'ल' शेजारी आले की तेच काल, तीच कला, तोच कौल. खेळ सोपा झाला, मुलं वाढली, हे मान्य. पण ऱ्हस्व-दीर्घाची भीती गेली की भाषेतलं काहीतरी सैल होतं, असं मला वाटतं. मला वाटून काय उपयोग, मतदानात मी एकटा पडलो होतो.

एक नियम मात्र आम्ही अजून सोडलेला नाही: शब्द लावला तर अर्थ सांगायचा. हल्लीच्या मुलांना हा जाच वाटतो. त्यांचा दाखला तयार असतो, नायजेल रिचर्ड्सचा. न्यूझीलंडचा हा दाढीवाला अबोल माणूस २००७ साली आपल्या मुंबईत, मलेशियाच्या गणेश असिर्वथमला हरवून जगज्जेता झाला. २०१५ मध्ये त्यानं काही आठवड्यांत फ्रेंच शब्दांची यादी डोक्यात भरली आणि फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंचमधलं जागतिक अजिंक्यपद नेलं. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. मुलं म्हणतात, त्याला कुणी अर्थ विचारला? खरंय. पण आपल्या मुलांची गत नेमकी उलटी आहे. त्यांना शब्द कानानं कळतात. 'ताटं उचल' म्हटलं की ताटं उचलतात (कधीकधी). अक्षर समोर आलं की मात्र अडतात. आणि 'ळ' तर जिभेवरूनच उतरत चाललाय. कमळाचं कमल होतं, आणि आईवडील कौतुकानं हसतात. हसू नका हो.

२०१६ची अंतिम फेरी आठवा. एका बाजूला साताऱ्याहून लेकीकडे आलेल्या आजी, नाकावर चष्मा, मांडीवर शाल. समोर इथेच जन्मलेली पंधरा वर्षांची मुलगी. तिनं नायजेलचा कित्ता गिरवत मोल्सवर्थचा कोश पाठ करायला घेतला होता. १८५७च्या आवृत्तीचा तो जाडजूड कोश मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत देतो, म्हणून आपल्या मुलांना तोच सोयीचा. गुण जवळजवळ बरोबरीत. पोरीनं फळीवरून चार सोंगट्या उचलल्या आणि लावलं: ओगराळे.

हॉलमध्ये कुजबुज. पंचांनी कोश उघडला, शब्द होता. मग विचारलं, "अर्थ?" पोरगी गप्प. पाठ केला होता, अर्थ निसटला होता. घड्याळ चालू. आणि समोरच्या आजींनी, ज्यांचा यात सरळसरळ तोटा होता, हात उचलला, मूठ वळली, काहीतरी खोलातून बुडवून वर काढल्यासारखं केलं आणि हवेतल्या वाटीत ओतलं.

"ताक वाढायचं!" पोरगी ओरडली.

"ताक, कढी, सार," आजी म्हणाल्या. "वरणाला डाव."

"डाव म्हणजे गेम ना?"

त्यावर जो हशा पिकला त्यात पंचांचा आक्षेप बुडाला. आजी त्या डावात चार गुणांनी हरल्या. नियमाप्रमाणे तो शब्द बाद व्हायला हवा होता, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. पण पुन्हा तसा प्रसंग आला तर मी तोंड उघडेन की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला आजींनी सामानातून एक पितळी ओगराळं आणलं. मंडळाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं ते हेच. महाप्रसादाला त्यानंच सार वाढतात. वाढणारी तरुण मुलं त्याला 'तो मोठा चमचा' म्हणतात. पोरगी आता दुसऱ्या शहरात शिकते. दोन वर्षं तिचं येणं झालेलं नाही.

यंदाच्या स्पर्धेसाठी हे लिहीपर्यंत नऊ नावं आली आहेत, त्यातली सहा पन्नाशीपुढची. बारावीच्या मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात हे कळतं, पण बाकीच्यांच्या पालकांनी एक दुपार मोकळी ठेवावी. नावं गौरीजेवणाच्या दिवशी खजिनदारांकडे द्या. आणि एक विनंती: गेल्या स्पर्धेनंतर सोंगट्या मोजल्या तेव्हा 'ळ'ची एक कमी भरली. कुणाच्या खिशात, गाडीत, खेळण्यांच्या खोक्यात गेली असेल तर कृपया आणून द्यावी. काकांच्या हाताला आता कंप आहे, नवी करायला त्यांना सांगवत नाही.