‘स्कूप’ : आठवी आज्ञा आणि छापील शब्द

सहाव्या आणि सातव्या आज्ञेवर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ होतात. आठवीच्या वाट्याला मात्र बहुधा उपेक्षाच येते. खोटी साक्ष म्हणजे न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगितलेले असत्य, आणि आपण काही रोज न्यायालयात जात नाही, अशी आपण आपल्या मनाची सोयीस्कर समजूत करून घेतलेली असते. ‘स्कूप’ ही चित्रमालिका पाहताना या समजुतीला तडा जातो. मालिकेत कोठेही धर्माचा उपदेश नाही, तरीही आठव्या आज्ञेवरचे इतके सखोल चिंतन अलीकडच्या काळात पडद्यावर माझ्या पाहण्यात नाही.

हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेली ही सहा भागांची हिंदी मालिका २ जून २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाली. तिच्या निर्मितीमागे मेहता यांच्यासह मृण्मयी लागू वायकूळ यांची कल्पकता आहे. कथेला आधार आहे तो जिग्ना व्होरा यांच्या ‘बिहाइंड बार्स इन भायखळा’ या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचा. मूळ घटना मुंबईकरांच्या स्मरणात असेल. ११ जून २०११ रोजी पवई येथे ‘मिड-डे’ या दैनिकाचे ज्येष्ठ गुन्हे-वार्ताहर ज्योतिर्मय डे यांची भरदिवसा गोळ्या घालून हत्या करण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात ‘एशियन एज’ दैनिकाच्या वार्ताहर जिग्ना व्होरा यांना या प्रकरणात अटक झाली. डे यांच्याविषयीची माहिती त्यांनी छोटा राजन याला पुरवली, असा आरोप होता. कायदा लावण्यात आला तो १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, ज्याला आपण सारे ‘मोक्का’ म्हणून ओळखतो आणि ज्याच्याखाली जामीन मिळणे अतिशय दुरापास्त असते. सुमारे नऊ महिने भायखळ्याच्या तुरुंगात काढल्यावर जुलै २०१२ मध्ये त्यांना जामीन मिळाला. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने राजन व अन्य आठ जणांना जन्मठेप सुनावली आणि जिग्ना व्होरा यांची निर्दोष मुक्तता केली. उच्च न्यायालयाने २०१९ साली ही मुक्तता कायम ठेवली.

मालिकेत नावे बदलली आहेत. नायिका आहे जागृती पाठक, दैनिक ‘ईस्टर्न एज’. मारले जाणारे पत्रकार जयदेव सेन. ही भूमिका प्रोसेनजित चटर्जी यांनी थोडक्या वेळात मोठ्या भारदस्तपणे उभी केली आहे. पार्श्वभूमी गुन्हेगारी जगताची असली तरी पाठलाग आणि गोळीबार यांची अपेक्षा ठेवणाऱ्याची येथे निराशा होईल. विस्तव राखेखाली धुमसत राहावा तशी ही कथा हळूहळू तापत जाते. वृत्तपत्राच्या कचेरीतील कुजबुज, फोनला उत्तर न देणारे पोलीस अधिकारी, काल चहा पाजणारा आणि आज नजर चुकवणारा सहकारी, अशा बारीकसारीक गोष्टींतून जागृतीभोवतीचे वर्तुळ आवळत जाते. प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळते, पण सुटकेचा श्वास मिळत नाही.

करिश्मा तन्ना यांनी साकारलेली जागृती ही काही देवदूत नव्हे, आणि हेच या लेखनाचे मोठे यश. ती महत्त्वाकांक्षी आहे, पहिल्या पानासाठी आसुसलेली आहे, आपल्या हाताखालच्या नवशिक्या मुलीशी कठोरपणे वागते. पोलीस अधिकाऱ्याने खाजगीत सांगितलेली बातमी ती उचलते आणि छापते. त्या बातमीने कोणाच्या घरावर काय कोसळेल, हा विचार तिच्या मनाला फारसा शिवत नाही. पुढे तिच्याविषयीच्या बातम्याही नेमक्या याच रीतीने छापल्या जातात. ज्या यंत्रावर ती स्वार होती, त्याच यंत्राखाली ती सापडते. मेहतांनी हा मुद्दा संवादातून बडवून सांगितलेला नाही. प्रेक्षकाने तो आपला आपण जुळवायचा आहे.

येथे आपल्या मराठी भाषेची एक गंमत, खरे तर एक दुखणे, सांगितल्यावाचून राहवत नाही. आपली वर्तमानपत्रे लिहितात, ‘असे समजते’, ‘असे कळते’, ‘असे बोलले जाते’, ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’. व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये निर्दोष आहेत; नीतिदृष्ट्या पाहता त्यांना कर्ता नाही. कोणाला समजते? कोण बोलतो? कर्ताच नाही म्हटल्यावर जबाबदारी कोणाची? जागृतीच्या चारित्र्याविषयी, बातम्या मिळवण्यासाठी तिने काय काय केले असेल याविषयी जे छापून येते, ते सारे याच कर्तृहीन वाक्यांचे पीक. आणि हे पीक केवळ वृत्तपत्राच्या कचेरीतच येते असे नव्हे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात जी चार माणसे घोळका करून उभी असतात, त्यांच्या बोलण्यातही ‘लोक म्हणतात’ हा प्रयोग किती वेळा येतो, हे कान देऊन ऐकावे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत अतिशय स्पष्ट आहे. १९९२ च्या काथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेखाली तीन निरनिराळी पापे सांगितली आहेत. पुरेसा पुरावा नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हे एक. दोष खरा असला तरी योग्य कारणाशिवाय तो तिसऱ्याच्या कानी घालणे, हे दुसरे. आणि धडधडीत असत्याने एखाद्याचे नाव काळे करणे, हे तिसरे. आपण बहुधा तिसऱ्यालाच पाप मानतो आणि दुसऱ्याला ‘मी खरे तेच सांगितले’ म्हणून पुण्याच्या खात्यात जमा करतो! शिवाय चोरीचा माल जसा परत करावा लागतो, तसे हिरावलेले नावही परत करण्याचे कर्तव्य असते; पापनिवेदन केले म्हणजे ते कर्तव्य टळत नाही, हेही त्याच ग्रंथात सांगितले आहे.

नाव परत कसे करायचे? हा खरा प्रश्न, आणि मालिका नेमकी येथेच तोकडी पडते. तिचे सारे बळ अटक, कोठडी आणि भायखळा यांवर खर्च झाले आहे. तुरुंगातील दृश्ये अंगावर येतात; नाना-नानींचे वाट पाहणे, मामाने (देवेन भोजानी) कोर्टकचेरीचे सारे ओझे मुकाट्याने उचलणे, लहानग्या मुलापासून खरे लपवण्याची कसरत, या साऱ्यात खऱ्या कुटुंबाचा ओलावा आहे. संपादक इम्रान सिद्दिकीच्या भूमिकेत मोहम्मद झीशान अय्यूब यांनी संयमाने उभा केलेला सज्जन माणूस दीर्घकाळ लक्षात राहतो. परंतु २०१२ ते २०१८ ही सहा वर्षे, म्हणजे जामिनावर बाहेर असूनही निर्दोष न ठरलेल्या माणसाची वर्षे, मालिकेत जवळजवळ रिकामीच आहेत. कैद्याची कथा सांगितली. माजी कैद्याची कथा राहून गेली.

आणखी एक उणीव. जागृतीची निंदा करणारे काही पत्रकार फारच काळ्या रंगात रंगवले आहेत. ते इतके क्षुद्र आहेत की प्रेक्षक ‘मी असा नाही’ म्हणून निर्धास्त होतो. वास्तवात निंदा करणारी माणसे सुस्वभावी, कुटुंबवत्सल आणि रविवारी न चुकता पहिल्या बाकावर बसणारीही असतात.

या संदर्भात व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) आठवण येणे स्वाभाविक आहे. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरील या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती औंध संस्थानात आटपाडीजवळ उभ्या राहिलेल्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीपासून. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाबरोबरच आंतरराष्ट्रीय काथोलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यातील सहाही कैदी खुनी आहेत. त्यांच्या अपराधाविषयी शंकेला जागा नाही. तरीही तुरुंगाधिकारी आदिनाथ त्यांच्यावर विश्वास टाकतो. ते घाम गाळून भाजी पिकवतात, बाजारात नेऊन स्वस्तात विकतात, आणि व्यापारी त्यांना बेदम मारतात. त्या दृश्यात शांतारामांना जे दिसले होते ते ‘स्कूप’मध्ये दिसत नाही. निरपराध नायिकेसाठी डोळ्यांत पाणी येणे सोपे असते. न्यायाच्या दिवशी प्रभू येशू तुरुंगातील भेटीविषयी विचारील, असे संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आपण वाचतो. तेथे तो कैदी निर्दोष होता की दोषी, अशी पुरवणी जोडलेली नाही.

निरपराध आणि दोषी यांच्यामध्ये तिसराही एक वर्ग आहे : ज्यांचा निकालच लागला नाही असे. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी अटक होऊन तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवातामुळे त्यांना हाती पेला धरवत नव्हता; पाणी पिण्याच्या नळीसाठीही न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, कैदी असतानाच त्यांचे निधन झाले. खटला उभाच राहिला नव्हता. पण काही वाहिन्यांवर निवाडा केव्हाच देऊन झाला होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हे कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. मालिका पाहताना जागृती ही अपवादात्मक अन्यायाची कहाणी वाटते. आकडेवारी वेगळे सांगते.

आमच्या कोन गावातून दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडली की कल्याण, आणि तेथेच आधारवाडीचे कारागृह. आपल्यापैकी कित्येकजण त्याच्या भिंतीवरून रोज कामाला जातात. आत गेलेला माणूस सुटून आल्यावर भिवंडीच्या गोदामात हमालीचे काम मागायला गेला, तरी आता पोलीस पडताळणीचा कागद आणायला सांगतात, आणि अनेक अर्जांत कधी अटक झाली होती काय असा प्रश्न असतो. अटकेचे उत्तर एका शब्दात देता येते. सुटकेचे सांगायला जागा नसते. मेहतांनी सातवा भाग केला असता तर तो येथून सुरू करता आला असता. तसे करण्याची त्यांची कुवत निश्चितच आहे. तुरुंगातून बाहेर पडून वकील झालेल्या शाहिद आझमी यांच्यावरील त्यांच्या ‘शाहिद’ या चित्रपटात ते दिसून आलेले आहे. किंबहुना माणूस म्हणून घडण्याची ती कथा मला ‘स्कूप’पेक्षा अधिक मोलाची वाटते.

मालिका प्रौढांसाठी आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. शिवीगाळ बरीच आहे, तुरुंगातील झडतीचे प्रसंग विदारक आहेत, आणि ते गाळून चालणारही नव्हते. मोठ्या मुलामुलींबरोबर पाहायची असल्यास सहाही भाग एका बैठकीत उरकू नयेत. दर रात्री एक भाग पुरे, म्हणजे मध्ये बोलायला वेळ राहतो. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी जिग्ना व्होरा यांचे मूळ पुस्तकही मिळवावे. भायखळ्याच्या बराकीतील इतर स्त्रिया पडद्यावर नायिकेच्या सावलीत राहिल्या आहेत. पुस्तकात त्या अधिक स्वतंत्रपणे भेटतात.